तुच्छतेचे व्याकरण

इंग्रजी कादंबरीतले पात्र एखादे वाक्य बोलते आणि लेखक पुढे एकच शब्द ठेवतो: ‘कन्टेम्प्च्युअसली’. मराठी अनुवादक बहुधा ‘तिरस्काराने’ लिहून मोकळा होतो, आणि अर्थ निसटतो. तिरस्कारात धग असते. ज्याचा तिरस्कार करायचा त्याची दखल घ्यावी लागते. तुच्छता थंड असते. ती समोरच्याला दखलपात्रच मानत नाही. म्हणून येथे ‘तुच्छतेने’ हाच शब्द जवळचा. ‘कुत्सितपणे’ म्हटले की खवचट हसू येते. ‘हेटाळणीने’ म्हटले की चारचौघे प्रेक्षक लागतात. ‘कन्टेम्प्टिबली’ याच कुळातला, पण अर्थ उलट: दुसऱ्याला तुच्छ लेखणे नव्हे, आपणच तुच्छ ठरावे असे वागणे.

मराठीला मात्र अशा क्रियाविशेषणाची गरज कमीच पडते. आपण तुच्छता नामातच भरतो. म्हाताऱ्याचा ‘म्हातारडा’ होतो, पोराचे ‘पोरटे’. कधी लिंग बदलूनच काम भागते: धडधाकट पुरुषाला ‘ते बेणं’ म्हटले की तो माणसातून उठला! मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) शब्द तुच्छतेने वापरला जात असल्याच्या नोंदी जागोजाग दिसतात.

आमच्या लोणंद-फलटण भागात महादेवचा ‘म्हाद्या’ आणि गणपतचा ‘गण्या’ होतो. कांद्याच्या बाजारात मित्र मित्राला अशी हाक मारतो, तेव्हा तो जिव्हाळा. मालकाने गड्याला मारली, तर ती पायरी दाखवणे. प्रत्यय एकच; मग ओळखायचे कसे? कसोटी सोपी आहे: तीच हाक उलट मारता येते का? येत नसेल, तर ती तुच्छता. अपवाद आईबापांचा. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून ‘दगडू’, ‘कचरू’ अशी नावे ठेवत. तेथे तुच्छतेचीच ढाल केलेली असे.

हा केवळ कोशाचा प्रश्न नाही. १९८९च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार हीन लेखण्याच्या हेतूने लोकांसमक्ष केलेला अपमान गुन्हा आहे. जबाबात मात्र नुसता ‘म्हाद्या’ उतरतो. सूर उतरत नाही. तेव्हा कोण, कोणाला, कोणासमोर बोलले हे लिहावेच लागते. इंग्रजी लेखक एका क्रियाविशेषणात जे सांगतो, ते आपल्याकडे नात्यात दडलेले असते. अनुवादकाने आणि जबाब लिहिणाऱ्याने, दोघांनीही ते तेथेच शोधावे.