टायपिंगच्या सरावासाठी कीबोर्ड घेताना

लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जागेची जाहिरात निघाली की मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द ही अट असतेच. १९५५ पासून आपल्याकडे बनू लागलेले गोदरेजचे टंकयंत्र आता भंगारातच दिसते, पण अट काही गेली नाही. परीक्षा संगणकावर होते एवढेच. शीळफाटा, दिवा, मुंब्रा भागातील आपली मुले-मुली क्लासला तासभर बसतात आणि घरी सरावाला काही नसते. घरी संगणक नसला तरी वायरचा कीबोर्ड ओटीजीच्या छोट्या जोडणीने बहुतेक मोबाईलला लागतो, हे कितीतरी पालकांना ठाऊक नाही.

चारपाचशे रुपयांच्या साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराची एकच चादर असते. बटण तळापर्यंत दाबावे लागते आणि रबर थकले की काही बटणे जड, काही मऊ लागतात. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटते, बोटे कमी दमतात. पूर्वी हा प्रकार महाग होता. चेरी या जर्मन कंपनीचे पेटंट संपल्यावर चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि भाव दोन-अडीच हजारांपर्यंत उतरला. बिलाच्या काउंटरवर खटखट वाजणारा जाडजूड टीव्हीएस गोल्ड आपण पाहिलेला असतो, तोही मेकॅनिकलच.

खरा प्रश्न त्या खटखटीचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत वडील रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असतात, तिथे निळा स्विच आणू नये. निळा प्रत्येक दाबाला वाजतो. तपकिरी स्विचमध्ये बोटाला हलका टप्पा जाणवतो पण तसा आवाज नाही, म्हणून टायपिंगसाठी आमची पसंती तपकिरीला. लाल सरळ खाली जातो. तो गेम खेळणाऱ्यांना आवडतो. कोणताही घ्या, खाली जुना टॉवेल घडी करून ठेवला की आवाज आणखी कमी होतो.

दुकानात ‘मेकॅनिकल फील’ असे छापलेले खोके पुढे करतात. हा ‘फील’ म्हणजे बहुधा रबराची चादरच, वर रंगीत दिवे! एखाद्या बटणाची टोपी काढून पाहावी. खाली चौकोनी डबी व तिच्यावर अधिकाच्या खुणेसारखा दांडा दिसला तर तो स्विच. दिव्यांसाठी पैसे घालू नयेत. छोटा, आकड्यांच्या बटणांविना असलेलाही नको. पूर्ण १०४ बटणांचाच घ्यावा. स्विच उपसून बदलता येणारा मिळाला तर उत्तम, कारण एक बटण गेले तर तेवढाच स्विच बदलतो.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट हे संगणकात ठरते. क्लासमध्ये कोणते शिकवतात ते विचारून अक्षरांचे स्टिकर लावले की झाले. तेही नाही लावले तर बरे, नजर पडद्यावर राहते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा इथे ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जुना मेकॅनिकल कमी पैशांत मिळू शकतो. तो मशीनला लावून प्रत्येक बटण सावकाश पाच वेळा दाबावे. एका दाबात दोन अक्षरे उमटली तर तो स्विच बिघडला आहे. स्पेस आणि एंटर कडेला दाबून पाहावे, अडकता कामा नये.

परीक्षेआधीचे पंधरा दिवस मात्र सराव क्लासच्या साध्या कीबोर्डवर ठेवावा. केंद्रावर जो समोर येईल त्यावरच ३० शब्द गाठायचे असतात.