कापलेला शेवट

गल्लीत मुलं क्रिकेट खेळतायत. मोटरसायकलवर दोघं येतात. मागे बसलेला एका लहानग्याला उचलतो आणि गाडी सुसाट निघून जाते. बाकीची मुलं मागे धावतात. व्हिडिओ संपतो.

पत्रकारितेच्या वर्गात पडताळणी शिकवताना पहिल्या तासाला मी हा व्हिडिओ लावते आणि विचारते, "काय बघितलंत?" उत्तर ठरलेलं असतं, "मूल पळवलं." मी तो पुन्हा लावते. "कुठल्या गावात? कधी?" आता वर्ग गप्प होतो.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे डोळ्यांना दिसलं ते, उजवीकडे व्हिडिओसोबत आलेल्या मजकुराने सांगितलं ते. गल्ली, मोटरसायकल, दोन माणसं, एक मूल हे सगळं डावीकडे. 'टोळी', 'आपल्या तालुक्यात', 'काल रात्री', 'पोलिसांनीही सांगितलंय' हे उजवीकडे. उजवी बाजू नीट वाचली की अफवेची घडण कळते. तिच्यात गावाचं नाव नसतं, म्हणून ती कुठल्याही गावाला लागू पडते. तारीख नसते, म्हणून 'काल' रोज ताजा राहतो. कुठलं पोलीस ठाणं ते नसतं, म्हणून फोन करून विचारायची सोय नसते.

आता डावी बाजू. व्हिडिओ थांबवत थांबवत चार-पाच स्थिरचित्रं काढायची. नवी मुलं चेहऱ्यांची चित्रं निवडतात. मी त्यांना भिंत, विजेचा खांब, दुकानाची पाटी शोधायला सांगते, कारण माणसं चौकटीतून निघून जातात, जागा मात्र तिथेच राहते. ही चित्रं गूगल लेन्समध्ये टाकायची, तिथे काही हाती लागलं नाही तर यांडेक्समध्ये. हे चिकाटीचं काम आहे. पहिल्या शोधात तोच खोटा मजकूर पुन्हा पुन्हा समोर येतो. मागे मागे जात सर्वांत जुनी नोंद गाठावी लागते.

ती सापडते तेव्हा वर्गात कुणीतरी मोठ्याने म्हणतं, "मॅडम, हा व्हिडिओ पुढे आहे!" मूळ व्हिडिओत मोटरसायकल वळून परत येते, मुलाला खाली उतरवलं जातं आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरला जातो. पाकिस्तानातल्या कराचीच्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेची ही जनजागृतीची फिल्म. मूल किती क्षणात उचललं जाऊ शकतं, हे पालकांना दाखवण्यासाठी केलेली. कुणीतरी तिचा शेवट तेवढा कापला. नवं काहीच चित्रित करावं लागलं नाही.

२०१८ साली भारतभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या, तेव्हा फिरणाऱ्या व्हिडिओंत हा कापलेला व्हिडिओही होता. त्याच वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षुक तिथे आले होते. बहुतेकांचं घर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यात, पोट भिक्षेवर. जमावाने त्यांना मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. हे सांगून झाल्यावर मी वर्गात थोडा वेळ काहीच बोलत नाही.

त्या जुलैत व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. याने वेग कमी होतो. पण पाठवणाऱ्याच्या मनातली भीती तशीच राहते, आणि आमच्या कामाचा अवघड भाग तिथेच आहे.

म्हणून खुलासा लिहिण्याची शिस्त कडक ठेवावी लागते. मथळ्यात आधी खरं काय ते सांगायचं. खोटा दावा एकदाच सांगायचा, तोही त्यात काय चुकलं ते दाखवण्यापुरता. खोट्या चित्रावर आडवा मोठा शिक्का मारायचा, म्हणजे ते कापून पुन्हा वापरता येत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याला फोन लावायचा आणि कुणाशी, किती वाजता बोललो ते लिहून ठेवायचं. संदेश पुढे पाठवणाऱ्याला मूर्ख म्हणायचं नाही. हा व्हिडिओ पाठवणाऱ्या बहुतेक आया-आज्या लेकरांच्या काळजीने पाठवतात. अफवा त्या काळजीचाच आधार घेते. काळजीचा अपमान केला, तर आमचं खरंही त्यांच्या दारातून परत येतं.

गृहपाठ एकच असतो. आपल्या घरातल्या एका माणसाला फोन करायचा आणि पूर्ण व्हिडिओ दाखवायचा.

गेल्या खेपेला एका मुलाने व्हरांड्यातूनच आईला फोन लावला. "आई, तू पाठवलेला तो व्हिडिओ अर्धाच आहे. पूर्ण पाठवलाय, शेवटपर्यंत बघ." पाच मिनिटांनी तिचा फोन आला. तिने कराचीचं काही विचारलं नाही, संस्थेचंही नाही.

"अरे, पोरगं परत आणून सोडलं की त्यांनी!" तिचा आवाज मोकळा झाला होता. "थांब, भावकीच्या ग्रुपवर मीच टाकते. सगळ्या बाया घाबरून बसल्यात."