घरभाडे आणि तारखांचा मेळ



गोव्यातील कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली पोर्तुगीज पारपत्राच्या आधारे इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झाली आहेत. स्विंडनसारख्या शहरात तर गोवेकरांची चांगली मोठी वसाहत आहे. त्यांच्या बोलण्यात ‘कौन्सिलचे घर’, ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ असे शब्द वारंवार येतात. ते ऐकून इकडील वडीलधाऱ्यांचा समज असा होतो की, त्या देशात सरकार घरही देते आणि पैसाही देते. मग भाड्याची विवंचना कसली? पण विवंचना आहे. विशेषतः जी आई एकटीने मूल वाढवते, नोकरी करते, सरकारी साहाय्यही घेते आणि कौन्सिलच्या किंवा गृहसंस्थेच्या घरात भाड्याने राहते, तिला ती अधिक जाणवते. वडीलही एकटे मुले वाढवतात. तथापि अशा पालकांत बहुसंख्या स्त्रियांचीच आहे. तिच्या जमाखर्चाची आज आपण उकल करू.

प्रथम थोडा इतिहास पाहिला पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटनमध्ये मंत्री ख्रिस्तोफर अ‍ॅडिसन यांच्या पुढाकाराने गृहनिर्माणाचा कायदा झाला आणि कष्टकरी लोकांसाठी घरे बांधण्यास नगरसंस्थांना सरकारी द्रव्यसाहाय्य मिळू लागले. ही घरे दानधर्म म्हणून दिलेली नव्हती. ती भाड्याची होती. फक्त ते भाडे बाजारभावापेक्षा बेताचे असे. १९७९ च्या सुमारास ब्रिटनमधील जवळजवळ एकतृतीयांश कुटुंबे अशा घरांत राहत होती. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना आपले घर सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला. विकलेल्या घरांच्या प्रमाणात नवी घरे बांधली गेली नाहीत. आज इंग्लंडमध्ये हे प्रमाण सुमारे एकषष्ठांशावर आले आहे आणि २०२४ साली १३ लाखांहून अधिक कुटुंबे अशा घरांसाठी नाव नोंदवून वाट पाहत होती. म्हणून ज्या आईला असे घर मिळाले आहे, तिच्या दृष्टीने ते गमावणे म्हणजे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहणे होय. भाडे थकण्याची भीती एवढी मोठी का, हे यावरून ध्यानात येईल.

भाड्यासाठी मदत कशी द्यावी, हा प्रश्नही जुनाच आहे. ब्रिटनच्या सामाजिक विम्याचा आराखडा १९४२ साली मांडणारे विल्यम बेव्हरिज यांचा जन्म बंगाल प्रांतातील रंगपूरचा. त्यांचे वडील हिंदुस्थानातील सनदी अधिकारी होते. त्यांच्या अहवालात भाड्याच्या प्रश्नावर स्वतंत्र चर्चा आहे. अन्नाचा, वस्त्राचा खर्च देशभर साधारण सारखा धरता येतो. भाडे मात्र गावोगावी आणि घरोघरी वेगळे. एकच ठराविक रक्कम सर्वांना पुरत नाही. ही अडचण त्यांना दिसली होती, पण तिचे समाधानकारक उत्तर त्यांना सापडले नाही. पुढे १९८२-८३ पासून नगरसंस्थांमार्फत भाडेसाहाय्य देण्याची पद्धत आली. कौन्सिलच्या भाडेकरूला ते बहुधा रोख हाती मिळत नसे. त्याच्या भाड्यातूनच तेवढी रक्कम कमी केली जाई. २०१२ च्या कायद्याने निरनिराळी सहा साहाय्ये एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही एकच योजना करण्याचे ठरले आणि एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅश्टन-अंडर-लाइन येथून तिचा आरंभ झाला. या योजनेत भाड्याचा पैसा सामान्यतः भाडेकरूच्याच हाती येतो, आणि तोही महिन्यातून एकदा. नोकरदाराला महिन्याचा पगार मिळतो, त्याप्रमाणे साहाय्यही महिन्याने मिळाले म्हणजे लोकांना आपला पैसा आपण सांभाळण्याची सवय लागेल, असा यामागील विचार होता.

आता आपण फळ्यावर मांडतो तसे एक उदाहरण मांडू. आकडे २०२५-२६ या वर्षाचे घेऊ आणि पेन्स सोडून देऊ. एक आई आहे; वय पंचविसाच्या वर, २०१७ नंतर जन्मलेले एक मूल. ती आठवड्याला एकोणीस तास दुकानात काम करते. कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स. निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाता तिच्या हाती दर चार आठवड्यांना ९०० पौंड येतात असे धरू. दोन शयनगृहांच्या घराचे भाडे आठवड्याला १०० पौंड आहे. म्हणजे बावन्न आठवड्यांचे बारा भाग केले तर महिन्याला ४३३ पौंड.

सरकारी हिशेब असा. तिच्या स्वतःच्या निर्वाहासाठी ४०० पौंड, मुलासाठी २९३ आणि भाड्यासाठी ४३३. एकूण ११२६ पौंड. यातून पगाराच्या मानाने काही रक्कम वजा होते. पगारातील पहिल्या ४११ पौंडांना हात लावला जात नाही. उरलेल्या ४८९ पौंडांपैकी शेकडा ५५, म्हणजे २६९ पौंड, साहाय्यातून कापले जातात. हाती येतात ८५७. त्यात पगाराचे ९०० मिळवून १७५७ होतात. भाडे देऊन १३२४ उरतात. शिवाय मुलासाठी वेगळा भत्ता महिन्याला सुमारे ११३ पौंड मिळतो. यातूनच वीज, गॅस, अन्न, प्रवास, स्थानिक कर आणि पाळणाघराचा आपला हिस्सा भागवावयाचा असतो. पाळणाघराचे शेकडा ८५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात खरे. पण बहुतेक वेळा ते आधी स्वतः भरावे लागतात आणि मागाहून परत येतात.

या हिशेबाला चैनीचा म्हणता येणार नाही. तसाच अशक्यही म्हणता येणार नाही. काटकसरीने राहणाऱ्या बाईला एवढ्यात भाडे देता यावे. मग थकबाकी का होते? ‘जास्त काम करावे’ हा उपदेश सोपा आहे. पण पगार १०० पौंडांनी वाढला की साहाय्य ५५ पौंडांनी उतरते. प्राप्तिकर व विम्याची वर्गणी लागू होण्याइतका पगार असेल, तर त्या १०० पैकी हाती राहतात सुमारे ३२ पौंड. वाढीव तासांसाठी मूल पाळणाघरात अधिक वेळ ठेवावे लागले, तर तेही उरत नाहीत. तेव्हा कष्ट वाढवून यातून निघण्याचा मार्ग अरुंद आहे.

खरी गोम वेगळीच आहे. या बाईच्या घरात तीन निरनिराळी कालमाने चालतात. भाडे आठवड्याचे, पगार चार आठवड्यांचा आणि साहाय्य महिन्याचे. वर्षाचे महिने बारा. परंतु चार आठवड्यांचे पगार वर्षात तेरा होतात. म्हणजे वर्षातून एका महिन्यात दोन पगार येतात. यंत्र त्या महिन्याची मिळकत १८०० पौंड धरते, त्यातून ४११ सोडून उरलेल्या रकमेचे शेकडा ५५ म्हणजे ७६४ पौंड कापते आणि हाती ठेवते ३६२. हे ३६२ पौंड तिच्या भाड्याला ७१ पौंडांनी कमी पडतात. शिवाय साहाय्य हिशेबाचा महिना संपल्यावर आठवड्याने मिळते. दुसरा पगार हाती आला त्या वेळी मुलाचे बूट, विजेचे बिल, जुनी उसनवारी यांत तो खर्च झालेला असतो. आणि कापलेले साहाय्य येते ते पुढच्या महिन्यात, जेव्हा पगार पुन्हा एकच असतो. तिने पैसा उधळला असे नव्हे. त्या ९०० पौंडांपैकी ४९५ पौंड खरोखर पुढच्या महिन्याचे होते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

भाड्याच्या बाजूलाही असाच एक खाचखळगा आहे. साहाय्याचा हिशेब वर्षाचे आठवडे बावन्न धरून होतो. पण ज्या वर्षात सोमवार त्रेपन्न येतात, त्या वर्षी दर सोमवारी भाडे आकारणारी संस्था त्रेपन्न आठवड्यांचे भाडे मागते. १ एप्रिल २०२४ हा सोमवार होता आणि ३१ मार्च २०२५ हाही सोमवारच; ते वर्ष असेच होते. आपल्या उदाहरणातील बाईला अशा वर्षी १०० पौंड पदरचे घालावे लागतात.

आपल्याकडील जुन्या मंडळींना हे अगदीच अपरिचित वाटू नये. मुंबईच्या गिरण्यांत महिनाभर राबल्यावर पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा मिळे. तोपर्यंत कामगाराचे घर वाण्याच्या उधारीवर चाले, आणि पगार आला की तो उधारी फेडण्यात जाई. पगार अमुक दिवसांच्या आत दिलाच पाहिजे, असे बंधन १९३६ च्या वेतन कायद्याने घातले, ते उगीच नव्हे. पैसा किती मिळतो याइतकेच तो केव्हा मिळतो यालाही गरिबाच्या संसारात महत्त्व असते, हे त्या कायद्याने मान्य केले. इंग्लंडमध्येही नव्याने अर्ज करणाराला पहिले साहाय्य मिळण्यास सुमारे पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी उचल मिळते. पण ती पुढच्या साहाय्यातून कापून घेतली जाते. म्हणजे संसाराचा आरंभच कर्जाने होतो.

हा दोष केवळ कल्पनेतील नाही, हे तेथील न्यायालयानेही मानले आहे. चार नोकरदार एकट्या मातांनी सरकारविरुद्ध दावा लावला होता. त्यांचा पगार महिन्याचाच होता. परंतु सुट्टी किंवा शनिवार-रविवार आल्यामुळे तो एखाद-दोन दिवस आधी जमा झाला की एका हिशेबात दोन पगार आणि दुसऱ्यात शून्य, असे होई. शून्याच्या महिन्यात ती न कापण्याची सवलत वाया जाई. २०२५-२६ च्या दराने प्रत्येक वेळी सुमारे २२६ पौंडांचे नुकसान. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा प्रकार तर्कविसंगत ठरविला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम बदलून असा पगार योग्य महिन्यात धरण्याची सोय झाली. मात्र ती महिन्याने पगार घेणारांपुरतीच आहे. चार आठवड्यांनी पगार घेणारीची अडचण तशीच राहिली.

उपाय नाहीत असे नाही. उत्तर आयर्लंडमध्ये हेच साहाय्य सामान्यतः महिन्यातून दोनदा दिले जाते आणि भाड्याचा भाग थेट घरमालक संस्थेकडे जातो. स्कॉटलंडमध्ये या दोन्ही गोष्टी मागून घेण्याची मुभा आहे. इंग्लंडमध्ये मात्र अडचण दाखवून द्यावी लागते. दोन महिन्यांचे भाडे थकले असेल, तर भाडेकरू किंवा संस्था यांपैकी कोणीही भाड्याची रक्कम परस्पर संस्थेकडे पाठविण्याची विनंती करू शकते.

ज्यांची लेक, सून किंवा बहीण तिकडे अशा घरात राहते, त्यांनी तिला चार गोष्टी अवश्य सांगाव्यात. पहिली, वर्षारंभीच पगाराच्या तेरा तारखा कागदावर मांडून दोन पगारांचा महिना हेरून ठेवावा आणि त्या महिन्यातील दुसऱ्या पगाराचा अर्ध्याहून अधिक भाग बाजूस काढावा. मालकाने पगार महिन्याने देण्याचे मान्य केले, तर उत्तमच. दुसरी, दर एप्रिलमध्ये भाडे वाढते. नवे भाडे युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यात आपण स्वतः वेळेवर कळवावे, नाहीतर साहाय्य जुन्याच भाड्याप्रमाणे येत राहते. तिसरी, मूल मोठे होऊन घर सोडून गेले आणि एक शयनगृह जास्तीचे ठरले, तर २०१३ पासूनच्या नियमाने भाडेसाहाय्यातून शेकडा १४ कापले जातात. हे आधीच ध्यानात घ्यावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, भाडे चुकणार असे दिसताच संस्थेच्या कचेरीत जाऊन सांगावे. न्यायालयात जाण्यापूर्वी भाडेकरूशी बोलणे आणि साहाय्याच्या बाबतीत त्याला मदत करणे हे अशा संस्थांकडून अपेक्षितच असते. लाजेने गप्प बसण्यातच खरी हानी आहे.

आकडे दर एप्रिलला बदलतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील. थकबाकीची नोटीस आली की शेजारीपाजारी आणि क्वचित घरची माणसेही ‘पैसा सांभाळता येत नाही’ असा ठपका त्या आईवर ठेवून मोकळी होतात. तो ठेवण्यापूर्वी पगाराचा, भाड्याचा आणि साहाय्याचा, असे तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून त्यांवरील तारखा पाहाव्यात. बहुतेक वेळा चूक तिच्या खर्चात आढळणार नाही. ती त्या तीन तारखांमध्ये सापडेल.