चार खेळाडू, पाच पडदे

चौघांनी एका खोलीत बसून खेळावा असा जुना साहसी गेम कुणी विचारला, तर मी ‘द लेजंड ऑफ झेल्डा: फोर स्वोर्ड्‌स ॲडव्हेंचर्स’ सुचवतो. निन्टेंडोने तो २००४ साली आपल्या गेमक्यूब या कन्सोलसाठी काढला. झेल्डा मालिकेतले बहुतेक गेम एकट्याने खेळायचे असतात; हा त्यातला अपवाद. गोष्ट साधी आहे. हायरूल राज्याची राजकन्या झेल्डा संकटात सापडते, तिला सोडवायला कथेचा नायक लिंक एक जादूची तलवार उपसतो आणि त्या क्षणी एकाचे चार लिंक होतात: हिरवा, लाल, निळा, जांभळा. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला एक रंग.

खेळाडू कमी असले तरी मैदानात लिंक चारच राहतात. उरलेले लिंक असलेल्या खेळाडूंनी सांभाळायचे.

खरी गंमत आहे ती पडद्यांमध्ये. या गेममध्ये एकाहून जास्त जण खेळणार असतील, तर कंट्रोलर म्हणून प्रत्येकाच्या हातात गेमबॉय ॲडव्हान्स हा हातात धरायचा छोटा कन्सोल लागतो आणि तो केबलने गेमक्यूबला जोडावा लागतो. म्हणजे समोरचा टीव्ही सगळ्यांचा आणि हातातला छोटा पडदा ज्याचा त्याचा. मोकळ्या रानात, किल्ल्याच्या अंगणात चौघे टीव्हीवर एकत्र दिसतात. पण एखादा लिंक घरात किंवा गुहेत शिरला, की तो टीव्हीवरून नाहीसा होतो आणि त्याच्या मालकाच्या हातातल्या पडद्यावर उमटतो. आत पेटी आहे की राक्षस, हे फक्त त्यालाच दिसतं. बाकीच्यांनी विचारायचं, आणि त्याने सांगितलं तर मानायचं!

खोटं बोलायचं कारणही गेमनेच पुरवलं आहे. वाटेत ‘फोर्स जेम’ नावाची त्रिकोणी रत्नं विखुरलेली असतात. गवत कापा, शत्रू मारा, पेट्या उघडा, रत्नं मिळत जातात. दर टप्प्यात अशी २,००० रत्नं जमली की तलवारीत बळ येतं, आणि त्या बळाशिवाय टप्प्याच्या शेवटची काळी भिंत फुटत नाही. रत्नं कमी पडली तर मागे फिरून शोधत बसावं लागतं. ही बेरीज चौघांची मिळून होते, पण कुणी किती आणली याचा हिशेबही दिसतो. एकत्र कुटुंबातल्या पगारासारखं आहे हे: पैसा सगळ्यांचा, पण कुणी किती दिला हे प्रत्येकाला पाठ! म्हणून गुहेतून बाहेर येणारा माणूस ‘आत काही नव्हतं’ म्हणतो, तेव्हा खोलीत आरडाओरडा सुरू होतो.

तरीही भांडून भागत नाही, कारण कोडी एकट्याने सुटत नाहीत. जड शिळा ढकलायला चौघे लागतात. जमिनीवरच्या चार कळांवर चौघांना एकाच वेळी उभं राहावं लागतं. शिवाय एका लिंकला एकच हत्यार बाळगता येतं. कुणाकडे धनुष्य, कुणाकडे बॉम्ब, कुणाकडे बूमरँग. नवं उचललं की जुनं तिथेच राहतं. कुणी काय घ्यायचं हे ठरवण्यातच निम्मी चर्चा जाते, आणि तीच या खेळाची सर्वांत चांगली बाजू आहे असं माझं मत. एक लिंक दुसऱ्याला उचलून फेकूही शकतो. ही सोय कोड्यांसाठी आहे, पण तिचा उपयोग बहुतेक वेळा सूड उगवायला होतो.

आठ विभाग, प्रत्येकात तीन टप्पे, असे एकूण चोवीस टप्पे आहेत. एका बैठकीत एखाद-दोन टप्पे उरकावेत आणि उठावं. पुढच्या टप्प्यात हत्यारं नव्याने मिळवायची असल्याने मध्ये खंड पडला तरी फारसं बिघडत नाही.

अडचण आहे ती सामानाची. एक कन्सोल, एक डिस्क, चार गेमबॉय ॲडव्हान्स आणि तितक्याच केबल. गेमबॉयमध्ये कार्ट्रिज घालायची गरज नाही. ॲडव्हान्सचं एसपी मॉडेलही चालतं. निन्टेंडो डीएसला मात्र ही केबल जोडता येत नाही. गेमक्यूब नसेल तर वी कन्सोलचं सुरुवातीचं मॉडेल घ्यावं. त्यात गेमक्यूबची डिस्कही चालते आणि त्याच्या कंट्रोलरसाठीची भोकंही असतात. नंतरच्या वी मॉडेलांतून ती काढून टाकली गेली, म्हणून जुनं यंत्र विकत घेताना आधी ती भोकं पाहावीत.

एकटा खेळाडू साध्या कंट्रोलरवरही हा गेम खेळू शकतो. बाकीचे तीन लिंक त्याच्या लिंकबरोबर रांगेत किंवा चौकोनात चालतात. तसा तो बरा आहे, पण त्यासाठी एवढा खटाटोप करू नये. दोघंच असाल तरीही थांबा. तिसरा आणि चौथा गडी मिळाला, आणि प्रत्येकाच्या घरातून एकेक जुना गेमबॉय निघाला, तरच ही डिस्क शोधा.