एका मिलिमीटरचा स्वभाव

ट्रॉम्बोनवर सूर कुठे आहे हे सांगणारी एकही खूण नसते. ना कळ, ना पडदा. ओठांच्या कंपनाने नळीतली हवा थरथरते आणि नळी जितकी लांब, तितका सूर खाली. नेहमीच्या बी फ्लॅट टेनर ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर सुमारे 2.7 मीटर भरेल. सूर अर्धस्वराने उतरवायला ती सहा टक्के, म्हणजे 16 सेंटिमीटर वाढवावी लागते. सरकत्या भागाला, म्हणजे स्लाइडला, दोन समांतर नळ्या असल्याने हात त्याच्या निम्माच, 8 सेंटिमीटर सरकतो. पुढचे सहा टक्के मात्र वाढलेल्या लांबीचे, त्यामुळे टप्पे चक्रवाढ व्याजासारखे फुगत जातात. सहाव्या जागेवरून सातव्या, शेवटच्या जागेवर जाताना हाताला जवळपास 11 सेंटिमीटर जावं लागतं. वादकाचा उजवा हात हे गणित चालत्या लयीत, स्लाइडकडे न बघता सोडवतो.

एवढं एकाच नळीवर साधत असताना या माणसाच्या घरी तीन-चार ट्रॉम्बोन कशाला? कारण लांबी सूर ठरवते, पण वाद्याचा स्वभाव ठरवायला नळीची रुंदीही लागते. जॅझ बँडमधला आघाडीचा वादक सहसा जो ट्रॉम्बोन उचलतो, त्याच्या स्लाइडचा आतला व्यास 12.7 ते 12.9 मिलिमीटर असतो. किंग 3बी हे त्यातलं नावाजलेलं मॉडेल. सिम्फनी ऑर्केस्ट्रात कॉन 88एच किंवा बाख 42 दिसतात, व्यास 13.9 मिलिमीटर. बास ट्रॉम्बोनचा व्यास साधारण 14.3, आणि गंमत म्हणजे त्याची मूळ नळी टेनरएवढीच लांब असते. जॅझ आणि सिम्फनी यांच्यात अंतर आहे ते एका मिलिमीटरचं!

एक मिलिमीटर काय करतो? जोरात फुंकल्यावर ध्वनिलहरीतला जास्त दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापेक्षा वेगाने पुढे जातो. लहरीची कड नळीतून जाताना उभी होत जाते आणि फार जोर लावला तर बेलपाशी, म्हणजे वाद्याच्या फुललेल्या तोंडापाशी, पोहोचेपर्यंत तिचा चक्क आघाततरंग होतो, ध्वनीपेक्षा वेगवान विमान निर्माण करतं त्याच जातीचा. 1996 मध्ये संशोधकांनी तो मोजून दाखवला. पितळी वाद्याची ती झणझणीत धार इथून येते. अरुंद नळीत दाब लवकर चढतो, म्हणून धारही लवकर येते. जॅझला तीच हवी असते. रुंद नळी ती लांबवते, म्हणून मोठ्या ऑर्केस्ट्रात आवाज भरदार राहतो आणि शेजाऱ्यांत मिसळतो.

बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीला मात्र वेगळंच वाद्य काढावं लागतं. तिथला पहिला ट्रॉम्बोन आल्टो, सुमारे 2 मीटर नळीचा. त्याचा पहिला टप्पा 8 ऐवजी 6 सेंटिमीटरचा, म्हणजे हाताची सगळी सवय बदलायची. शिवाय ट्रॉम्बोनवाले तीन भाग गप्प बसून थेट चौथ्यात वाजवू लागतात. तोवर वाद्य गार पडतं, गार हवेत ध्वनीचा वेग घटतो आणि सूर उतरतो. म्हणून अनुभवी वादक वाट पाहताना नळीत आवाज न करता उबदार श्वास सोडत राहतात. 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नातल्या गारठलेल्या थिएटरात या सिम्फनीचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा त्या वादकांची काय परीक्षा झाली असेल!

खालच्या सुरांसाठी 1839 मध्ये लाइपझिगचा वाद्यनिर्माता झाटलर याने युक्ती काढली: अंगठ्याने व्हॉल्व्ह दाबला की सुमारे 90 सेंटिमीटर जादा नळी जोडली जाते आणि वाद्य एफ सुरात उतरतं. पण लांब नळीला टप्पेही लांब लागतात. ज्या स्लाइडवर सात जागा मावत होत्या, तिच्यावर आता सहाच मावतात आणि खालचा बी हा सूर हातातून निसटतो. म्हणून आजच्या बास ट्रॉम्बोनला बहुधा दुसरा व्हॉल्व्ह असतो. बार्टोकने 1943 मध्ये लिहिलेल्या 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'त नेमकी याच बीपासून एफपर्यंत न तुटणारी मींड मागितली. व्हॉल्व्हची नळी आधीच ओढून ठेवणं, वाटेत व्हॉल्व्ह बदलणं, असे तोडगे वादक अजून लढवतात.

रस्त्यावर प्रश्न जागेचा. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या बँडगाड्यांवर ट्रॉम्बोनवाल्याला मागच्या कडेला बसवत, म्हणजे स्लाइड कुणाच्या पाठीत घुसणार नाही. ट्रॉम्बोनवादक किड ओरीच्या शैलीला 'टेलगेट', म्हणजे गाडीची मागची फळी, हे नाव त्यावरूनच पडलं. तिथल्या मिरवणुकीत आजही ट्रॉम्बोन पुढच्या रांगेत असतात. पावसापाण्यात आणि गर्दीत पितळ नेण्याची छाती होत नसेल, तर पीबोन हा सुमारे 800 ग्रॅमचा प्लास्टिकचा ट्रॉम्बोन कामी येतो.

क्लबात वाजवणाऱ्याच्या पिशवीत मात्र एक भलतीच वस्तू सापडते: तुंबलेली मोरी उघडायची रबरी वाटी, दांडा काढलेली. 1926 मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आलेला 'ट्रिकी सॅम' नॅन्टन बेलमध्ये ट्रम्पेटचा छोटा म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, बसवायचा, त्यावर ही वाटी उघडझाप करायचा आणि ट्रॉम्बोन माणसासारखा कण्हायचा, कुरकुरायचा, टोमणे मारायचा. नळीच्या तोंडाशी झाकण हललं की आवाजातले कोणते अंश बाहेर पडतात ते बदलतं. आपण ओठ मिटत-उघडत स्वर बदलतो ते याच तत्त्वावर. मिलिमीटरच्या भागांत मापून घडवलेल्या महागड्या वाद्याचा हा सर्वांत बोलका भाग आजही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.