दुकान आपले, मर्जी कंपनीची

*गिऱ्हाईक आहे, नाव आहे, पिढ्यांची पुण्याई आहे; तरीही अमेरिकेतल्या छोट्या गावांमधली ट्रॅक्टर-डीलरांची दुकाने बंद होत गेली. शेती-अवजारांच्या या जुन्या धंद्यातून घरचा माणूस कसा बाहेर पडला, आणि तालुक्याच्या गावी एजन्सी चालवणाऱ्या आपल्या माणसाने त्यातून काय घ्यावे?*

१९२० मध्ये अमेरिकेत मंदी आली आणि वर्षअखेरीस हेन्री फोर्ड यांच्याकडे मोटारी पडून राहू लागल्या. रोकड हवी होती, पण बँकांच्या दारात जायची फोर्ड यांची तयारी नव्हती. न मागवलेल्या मोटारी त्यांनी सरळ डीलरांकडे रवाना केल्या. पैसे रोख भरा, नाहीतर एजन्सी सोडा! डीलरांनी आपापल्या गावच्या बँकेतून कर्ज काढले आणि माल उतरवून घेतला. कंपनीचे संकट असे हजारो छोट्या दुकानदारांच्या नावे पडले.

एजन्सीच्या धंद्याचे मर्म या घटनेत आहे. जागा, कर्ज, नोकरांचे पगार आणि गावातली पत डीलरची. मात्र काय विकायचे, किती विकायचे आणि दुकान कोणी चालवायचे, हे कंपनी ठरवते.

धंदा चालतो कसा?

आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का हा मका-सोयाबीनचा पट्टा. तिथल्या छोट्या गावातल्या अवजारांच्या दुकानाला नव्या ट्रॅक्टरच्या विक्रीवर मिळणारा नफा फार नसतो. भरवशाची कमाई सुटे भाग आणि दुरुस्तीची. शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर बदलीत घ्यायचा, तो नीट करून दुसऱ्याला विकायचा, हाही धंद्याचा मोठा भाग. त्यात चूक झाली तर तोटा डीलरचा. मका काढणीच्या दिवसांत कम्बाइन हार्वेस्टर बंद पडला की रात्री दुकान उघडून बेअरिंग काढून देणारा माणूस म्हणून त्याची ओळख असते. उधारी पीक आल्यावर फिटते.

दुकानासमोर रांगेत उभी असलेली यंत्रे मात्र त्याच्या स्वतःच्या पैशाने घेतलेली नसतात. ती बहुधा कंपनीच्याच वित्तसंस्थेच्या कर्जावर आणलेली असतात. या व्यवस्थेला तिकडे ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात. ठरलेली मुदत बिनव्याजी असते, मग मीटर सुरू होते. मक्याचा भाव पडला, शेतकऱ्याने खरेदी पुढे ढकलली, की यंत्र जागेवर उभे आणि व्याज चालू. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याचेच कर्ज डोक्यावर असले, तर वाटाघाटीत आवाज किती चढणार?

एका गावात दोघे कशाला?

एके काळी डीलरांचे जाळे हीच कंपनीची ताकद होती. मॅकॉर्मिक आणि डीअरिंग यांच्यासह अनेक कारखाने एकत्र करून १९०२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर स्थापन झाली. पूर्वीच्या वेगवेगळ्या कंपन्यांचे डीलर एकाच गावात असल्याने बाजार तिच्या मुठीत आला. मक्तेदारीविरोधी खटल्याच्या तडजोडीत १९१८ मध्ये सरकारने तिच्यावर अट घातली: एका गावात एकच डीलर. गावचा दुकानदार इतका मोलाचा होता, की एका गावात असे किती असावेत यावर सरकारला मर्यादा आणावी लागली.

१९८० च्या दशकात पारडे फिरले. चढे व्याजदर आणि पडलेले भाव यांमुळे अमेरिकी शेती गाळात होती. १९८५ मध्ये टेनेको या उद्योगसमूहाने इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेती विभाग विकत घेऊन आपल्या केस या शेती-यंत्रांच्या कंपनीत मिसळला. ज्या गावात केसचा एक आणि हार्वेस्टरचा एक डीलर होता, तिथे आता एकच पुरे होता. वर्षानुवर्षे हार्वेस्टरचे लाल ट्रॅक्टर विकणाऱ्या अनेकांची एजन्सी अशी कागदावर संपली. ते स्पर्धेत हरले नव्हते; त्यांच्या मालाचा मालक बदलला होता.

पुढचा टप्पा अधिक सफाईदार होता. जॉन डीअर या ट्रॅक्टर-कंपनीने ‘डीलर ऑफ टुमॉरो’ या नावाने धोरण आखले: थोडे मालक, पण प्रत्येकाकडे अनेक दुकाने आणि भरपूर भांडवल. इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. केस आणि न्यू हॉलंडची यंत्रे विकणारी नॉर्थ डकोटातली टायटन मशिनरी गावोगावची कौटुंबिक दुकाने विकत घेत वाढली आणि २००७ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

कंपनीचे म्हणणे

कंपन्यांचा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती सुमारे १९ लाखांवर आली. गिऱ्हाईक कमी झाले आणि मोठे झाले. कम्बाइनची किंमत लाखो डॉलरमध्ये गेली. उपग्रहाच्या आधारे चालणारे स्टीअरिंग, सेन्सर, संगणक यांसाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि महागडी उपकरणे लागतात. चार मेकॅनिकांच्या दुकानाला हे पेलत नाही, हे अनेकदा खरेच असते.

प्रश्न पद्धतीचा आहे. छोट्या डीलरला कोणी ‘जा’ म्हणत नाही. अटी वाढत जातात. नवी शोरूम बांधा. नवा फलक लावा. दुसऱ्या कंपनीची अवजारे विकणे बंद करा. तुमच्या भागात आमच्या मालाचा वाटा इतके टक्के झाला पाहिजे. आणि तो भाग नकाशावर आखणार कंपनीच. शेवटची अट सर्वात जड असते: दुकान मुलीला द्यायचे किंवा विकायचे असेल, तर कंपनीची संमती हवी. कंपनीला बड्या डीलरांचीच साखळी हवी असेल, तर विकत घेणारा एखादाच उरतो. आयुष्यभर कमावलेल्या नावाची किंमत मग तोच ठरवतो.

कायदा कुठवर पुरतो?

अमेरिकेने याची दखल घेतली. मोटार डीलरांना कंपनीविरुद्ध न्यायालयात जाता यावे म्हणून १९५६ मध्येच केंद्रीय कायदा झाला. विस्कॉन्सिन राज्याच्या १९७४ च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय एजन्सी काढता येत नाही. ९० दिवसांची नोटीस आणि चूक सुधारायला ६० दिवस द्यावे लागतात. बहुतेक राज्यांत अवजारांच्या डीलरांसाठी असे कायदे आहेत, आणि एजन्सी संपल्यावर उरलेली यंत्रे व सुटे भाग कंपनीला परत घ्यावे लागतात. करार तोडणे यामुळे अवघड झाले. अटी वाढवून माणसाला थकवणे मात्र शक्यच राहिले.

याची झळ शेवटी शेतकऱ्याला बसते. दुकान लांब गेले, आणि नव्या यंत्रातला बिघाड शोधणारे पूर्ण सॉफ्टवेअर अधिकृत डीलरकडेच असते. दुरुस्तीच्या हक्काची चळवळ यातूनच उभी राहिली. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेती-यंत्रांसाठी तसा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा राज्यांसह डीअरवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले. या लढ्यात डीलरांच्या संघटना मात्र कायद्याच्या विरोधात उभ्या राहिल्या, कारण दुरुस्ती हीच त्यांची मुख्य कमाई. ज्या कंपनीच्या अटींखाली डीलर दबला आहे, तिच्याच बाजूने त्याला आपल्या गिऱ्हाइकाशी भांडावे लागले.

आपल्या दारात

डीअरचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीत बनतात. महिंद्रा, स्वराज, सोनालिका यांचे फलक तालुक्याच्या रस्त्यांवर दिसतात. एजन्सीचा साचा इथेही तोच आहे. मोटारींच्या धंद्याने त्याची चुणूक दाखवली आहे. तेव्हा तळेगावात कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली. २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने इथला गाशा गुंडाळला आणि २०२१ मध्ये फोर्डने इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. प्रत्येक वेळी भाड्याच्या शोरूम, पडून राहिलेला माल आणि कामगार डीलरांच्या गळ्यात राहिले. वाहन-विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ संरक्षक कायदा मागत आली आहे. संसदीय समितीनेही २०२० मध्ये तशी शिफारस केली. स्वतंत्र केंद्रीय कायदा अजून झालेला नाही.

डीलर बोलतो किती, हेही पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाइकाला ठरल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरांना दंड केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. या प्रकरणाची सुरुवात एका निनावी ई-मेलने झाली होती. तो पाठवणाऱ्याने स्वतःला मारुतीचा डीलर म्हणवले, पण नाव दिले नाही.

डीलरांच्या संरक्षक कायद्यात तीन गोष्टी तरी हव्यात: कारण आणि मुदत देऊन नोटीस, उरलेला माल व सुटे भाग परत घेण्याची सक्ती, आणि वारसाला एजन्सी नाकारायची तर लेखी कारण. तो होईपर्यंत एजन्सी घेणाऱ्याने स्वतःच सावध राहिले पाहिजे. शोरूमच्या उद्घाटनाचा मुहूर्त काढण्याआधी करार संपवण्याचे कलम वकिलाकडून समजून घ्या. आणि बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाची मुदत कराराच्या मुदतीपेक्षा मोठी असेल, तर सही करू नका.