चित्रपट काढायचा आहे? आधी वही काढा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या देवपुरातला एक तरुण माझ्याकडे आला. अहिराणीत चित्रपट काढतोय, दोन गाणी लिहून द्या म्हणाला. मी विचारले, ‘‘पैसा?’’ तो म्हणाला, ‘‘चाचा, बारा लाख लागतील. वडील दोन बिघे जमीन विकायला तयार आहेत.’’ ‘‘बारा लाख कशाकशाचे?’’ त्याने बोटे मोजली. कॅमेरा, नट, गाणी. तिथेच हिशेब संपला. गाण्यांचे नंतर पाहू, आधी वही लिहून आण, असे सांगून मी त्याला परत पाठवले.

कवीने हिशेबाच्या गोष्टी का कराव्यात, असे कुणाला वाटेल. त्याला कारण आहे. २००१ साली माझ्या एका जिवलग मित्राने चित्रपट काढायला घेतला. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून मी त्याला वीस हजार दिले. बावीस दिवस चित्रीकरण झाले आणि संकलनाच्या आधीच पैसा संपला. त्या कॅसेटी आजही एका ट्रंकेत पडून आहेत. बांगड्या मी पुढे सोडवल्या. पण तो मित्र मला रस्त्यात पाहिले की पलीकडच्या बाजूला वळतो. पैशापेक्षा ते जास्त सलते.

त्याचे चुकले एवढेच, की त्याने चित्रीकरणालाच चित्रपट समजले. चित्रीकरण म्हणजे पेरणी. पुढे संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, रंगांची दुरुस्ती, सेन्सॉरचे प्रमाणपत्र आणि प्रसिद्धी, हा सगळा काढणीचा खर्च. म्हणून अंदाजपत्रक शेवटाकडून लिहावे. शेवटच्या कामांचे पैसे आधी बाजूला काढावेत, उरतील त्यात चित्रीकरण बसवावे. बसत नसेल तर कथेतली गर्दी कमी करावी, ठिकाणे कमी करावीत, रात्रीची दृश्ये दिवसा घ्यावीत.

साधी वाटणारी खातीच माणसाला बुडवतात. जेवणाचे घ्या. पंचवीस माणसे, चहा-नाश्ता आणि दोन जेवणे मिळून माणशी दोनशे रुपये, पंधरा दिवस. झाले ७५ हजार. पावसाने पाच दिवस वाढवले की आणखी २५ हजार. म्हणून एकूण रकमेच्या दहा टक्के तरी अडीअडचणीच्या खात्यात ठेवावेत आणि अडचण आल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

आता पैसा उभा कसा करायचा? आपल्या देशातल्या चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे तंत्र शिकले, कॅमेरा घेतला आणि परत आले. पुढचा पैसा मागण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कोंबाची वाढ रोज थोडी थोडी टिपून छोटासा चित्रपट केला आणि तो पैसेवाल्यांना दाखवला. बी डोळ्यांदेखत वाढताना पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रात्री जागून फिल्म धुण्याचे कामही केले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात प्रदर्शित झाला. फाळक्यांनी घर पणाला लावले ही गोष्ट सगळे सांगतात. आधी वाटाणा दाखवला, ही मात्र विसरतात.

दुसरे उदाहरण आग्रा रोडने तासाभरावर आहे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे ५० हजार रुपयांत. घोडे परवडत नव्हते, तर डाकू सायकलींवर आले. पुढच्या चित्रपटात कॅमेऱ्याची ट्रॉली सायकलची आणि क्रेन बैलगाडीची झाली. नट म्हणजे यंत्रमागावरचे मित्र. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आपला चित्रपट कोण बघणार, हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक होते. शुक्रवारी माग बंद असतात, त्या दिवशी सिनेमाला जाणारा मालेगावचा कामगार हाच त्यांचा प्रेक्षक. त्याच्या खिशाच्या मापाने त्यांनी खर्च बेतला.

लोकवर्गणीचाही मार्ग आहे. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. तो चित्रपट त्यांच्याच डेअरीच्या चळवळीवर होता, हे विसरू नये. ज्याची गोष्ट, त्याच्याकडे हात पसरता येतो.

पण पैसा घेताना तो कोणत्या जातीचा आहे, हे ठरवून घ्यावे. देणगी परत करायची नसते. भागीदारी म्हणजे नफा झाला तर वाटा, बुडाले तर दोघांचे. उसने मात्र चित्रपट चालो न चालो, फेडायचेच. आमच्या घरी बिनव्याजी हातउसन्याला कर्जे-हसना म्हणत आणि तेही वहीत, दोन साक्षीदारांच्या नावांसह लिहीत. त्यात अविश्वास नव्हता. उलट नाते टिकावे म्हणूनच ते लिहिणे होते. माझ्या मित्राला मी वीस हजार दिले तेव्हा ती देणगी की उसने, आम्ही दोघांनी विचारलेच नाही. म्हणून तो आज रस्ता ओलांडतो.

शासनाच्या अनुदानाबद्दलही मुले विचारतात. मराठी चित्रपटांना राज्य शासन अनुदान देते, पण ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षणात पसंत पडला तर. त्यामुळे ती रक्कम जमेच्या बाजूला आधीच मांडू नये. मिळाली तर पुढच्या चित्रपटाला होईल. आणि घरातला पैसा घालायचाच, तर बुडाला तरी चूल पेटती राहील एवढाच घालावा. जमीन एकदा गेली की चित्रपट चालूनही परत येईलच असे नाही.

तो तरुण पावसाळ्यात पुन्हा आला. वही होती. दोन तासांचा चित्रपट वीस मिनिटांचा झाला होता, बारा लाखांचे अडीच लाख. जमीन विकायची नाही, असे बापलेकांनी ठरवले होते. पांझरेच्या काठावर घेतलेले एक दृश्य त्याने मोबाइलवर दाखवले. त्याच्या वाटाण्याचा कोंब होता तो. आजी आणि नातू नदीकडे बघत बोलत होते. दृश्य सुंदर होते, पण वाऱ्याने आवाज खराब केला होता. आजीचे निम्मे बोलणे कळत नव्हते.

तो ओशाळला नाही. माझ्यासमोरच त्याने वही उघडली आणि आवाजाच्या खात्यात पाच हजार वाढवले. दुसऱ्या दिवसापासून मी गाण्याला बसलो. मानधनाच्या खात्यात माझ्या नावापुढे त्याने ‘देणगी’ असे लिहून घेतले आहे, खाली दोघांच्या सह्या आहेत.